डबल ड्रिबल आणि बॅककोर्टचा निकाल कुठे शोधायचा: फिबाची नियमावली आणि तिच्या जोडीचं ‘इंटरप्रिटेशन्स’

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या संकेतस्थळावर दोन पीडीएफ मोफत मिळतात. पहिली ‘ऑफिशियल बास्केटबॉल रूल्स’, म्हणजे मूळ नियमावली. दुसरी ‘ऑफिशियल बास्केटबॉल रूल्स इंटरप्रिटेशन्स’, म्हणजे तेच नियम प्रत्यक्ष खेळातल्या प्रसंगांना कसे लावायचे हे उदाहरणांनी सांगणारी पुरवणी. सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात शालेय आणि क्लबच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभे राहणारे क्रीडाशिक्षक पहिली पीडीएफ बहुधा फोनमध्ये ठेवतात. दुसरी उघडून बघणारे कमी. हे परीक्षण दोन्हींचं आहे, पण फक्त ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) आणि बॅककोर्ट (आपल्या बास्केटकडचं अर्धं कोर्ट) या दोन विषयांपुरतं. मत आधीच सांगतो: या दोन विषयांसाठी मूळ नियमावली एकटी पुरत नाही. वाद मिटतो तो पुरवणीत.

आवृत्ती २०२४ ची घेतली आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली. त्याआधीच्या आवृत्त्या २०२० आणि २०२२ च्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ बऱ्याचदा त्याहूनही जुन्या असतात, म्हणून मुखपृष्ठावरची तारीख बघितल्याशिवाय एक ओळही वाचू नये. जुन्या प्रतीने होणारा घोळ किरकोळ नसतो. चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायला अजूनही ‘दहा सेकंद’ धरणारी मंडळी भेटतात. फिबाने ते दहाचे आठ केले २००० साली. चेंडू घेऊन चालण्याच्या नियमात ज्याला सगळे ‘झिरो स्टेप’ म्हणतात (धावताना चेंडू पकडला त्या क्षणी टेकलेलं पाऊल मोजायचं नाही) तो बदल आला ऑक्टोबर २०१७ मध्ये. त्याआधीची प्रत वाचून आजच्या मुलाला ट्रॅव्हल दिलं तर मुलगा बरोबर आणि शिट्टी चूक.

अख्खी नियमावली वाचायची गरज नाही. या विषयाला सहा कलमं लागतात: ११ (खेळाडू आणि पंच कुठे आहेत असं समजायचं), १४ (चेंडूवर ताबा), २४ (ड्रिबल), २५ (ट्रॅव्हलिंग), २८ (आठ सेकंद) आणि ३० (चेंडू बॅककोर्टमध्ये परत जाणं). यातली ११ आणि १४ ही दोन लोक सर्रास वगळतात, आणि तिथेच फसतात. कलम ३० चं प्रत्येक वाक्य ‘ताबा’ या शब्दावर उभं आहे, आणि ताबा म्हणजे काय ते सांगतं कलम १४.

ड्रिबल: कलम २४ कसं लिहिलंय

व्याख्या चांगली आहे. चेंडूवर ताबा असलेला खेळाडू तो जमिनीवर टाकतो, टॅप करतो, घरंगळवतो किंवा आपटतो आणि दुसऱ्या कुणाला लागायच्या आत पुन्हा स्पर्श करतो, तेव्हा ड्रिबल सुरू होतं. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत स्थिरावला, की ते संपतं. एवढ्यावर आपल्याकडचे दोन मोठे गैरसमज निकालात निघतात.

पहिला कॅरीचा, म्हणजे ड्रिबल करताना चेंडू हातावर वाहून नेण्याच्या चुकीचा. हात चेंडूच्या खाली गेला की शिट्टी, असं शाळाशाळांत शिकवलं जातं. नियमाच्या मजकुरात तळव्याची दिशा नाही. चेंडू हातात थांबला का, एवढंच विचारलेलं आहे. क्रॉसओव्हर (चेंडू आपटत एका हातातून दुसऱ्या हातात घेणं) करताना हात बाजूने फिरतो, कधी थोडा खालीही जातो. चेंडू चालता राहिला तर ते ड्रिबलच. पण ‘हेझिटेशन’ करताना मुलगा चेंडू तळव्यावर क्षणभर तोलून धरतो, बचाव करणारा उभा राहतो आणि मग हा पुढे आपटत निघतो, ती कॅरी आहे. तिथे ड्रिबल संपलं होतं आणि दुसरं सुरू झालं. पंचाने नजर हातावर न ठेवता चेंडूवर ठेवली की हा फरक आपोआप दिसू लागतो.

दुसरा गैरसमज उंचीचा. ड्रिबलचा चेंडू खांद्याच्या वर गेला म्हणून काही होत नाही. ड्रिबल चालू असताना तो हवेत उंच टाकला तरी चालतं. अट एकच: त्याच खेळाडूच्या हाताला पुन्हा लागण्याआधी तो जमिनीला किंवा दुसऱ्या खेळाडूला लागला पाहिजे. आणि चेंडू हातात नसताना किती पावलं टाकायची यावर मर्यादा नाही. बचावपटूच्या बाजूने चेंडू लांब ढकलून त्यामागे पाच-सहा पावलं पळत जाणाऱ्या मुलीला ट्रॅव्हल देणं म्हणजे नियमात नसलेला गुन्हा शोधणं.

सुरुवातीला दोन्ही हातांनी चेंडू खाली आपटला तर? चालतं. नवशिके असंच सुरू करतात आणि हौशी पंच लगेच ‘डबल’ (ड्रिबल संपवून पुन्हा सुरू केलं) म्हणून ओरडतात. दोन हातांचा एकत्र स्पर्श ड्रिबल संपवतो, पण इथे ते अजून सुरूच झालेलं नसतं.

‘निसटलेला चेंडू’ या कल्पनेसाठी नियमावलीने स्वतंत्र उपकलम दिलंय, ते फार उपयोगी आहे. चुकून हातातून सुटला आणि पुन्हा मिळवला, तर त्या धडपडीला ड्रिबल म्हणत नाहीत, मग ती सुरुवातीची असो वा शेवटची. पास पकडताना निसटला, एक टप्पा पडला, उचलला: अजून ड्रिबल शिल्लक आहे. ड्रिबल संपवून पकडताना निसटला, टप्पा पडला, उचलला: उचलणं वैध, पण आता नवं ड्रिबल नाही, पास किंवा शॉट. आपल्या मैदानांवर या दुसऱ्या प्रसंगी नुसत्या उचलण्यालाच शिट्टी वाजते, ते चूक. मुद्दाम सोडला की निसटला हे ठरवणं मात्र पंचाच्या नजरेवर आहे आणि त्यात कुठलंही पुस्तक मदत करू शकत नाही. बोटं चेंडूमागे धावतात की मनगट त्याला ढकलतं, एवढं बघावं.

दुसऱ्यांदा ड्रिबल करायला परवानगी कधी, याची यादी तीनच ओळींची आहे आणि पाठ असायलाच हवी. मधल्या काळात ताबा सुटला असेल, आणि तो फील्ड गोलच्या शॉटमुळे, किंवा प्रतिस्पर्ध्याचा चेंडूला स्पर्श झाल्यामुळे, किंवा पास अथवा निसटलेला चेंडू दुसऱ्या कुणा खेळाडूला लागल्यामुळे. म्हणून बचावपटूच्या बोटांना चाटून गेलेला चेंडू परत मिळाला तर पुन्हा ड्रिबल करता येतं. प्रेक्षकांना ते बोट दिसत नाही, आणि आरडाओरडा तिथूनच सुरू होतो.

आता शॉटचं. मुलाने खरोखर बास्केटसाठी शॉट मारला, रिंगलाही लागला नाही, बोर्डलाही नाही, आणि त्याने स्वतःच तो झेलला. फिबाच्या नियमांत हे वैध आहे आणि त्याला पुन्हा ड्रिबलही करता येतं, कारण शॉट सुटताच ताबा संपला. एनबीएमध्ये हेच चालत नाही, आणि मोबाइलवर क्लिपा बघून मैदानात उतरणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. फक्त तो शॉट होता की बचावपटूवरून स्वतःलाच दिलेला पास, हे पंचाने ठरवायचं.

बोर्डवर चेंडू आपटून स्वतःच पकडण्याबद्दल मूळ नियमावली थोडक्यात आटोपते. पुरवणी नीट उलगडते: बोर्डवर मुद्दाम फेकणं ड्रिबल नाही. ड्रिबल अजून केलेलं नसेल तर फेकून पकडल्यावर शॉट, पास, ड्रिबल काहीही करा. ड्रिबल आधीच संपवलेलं असेल तर शॉट किंवा पास करा, नवं ड्रिबल मात्र नाही. दोन वाक्यांचा हा फरक मूळ कलमातून तर्काने काढत बसलं तर अर्धा टाइमआउट जातो.

ट्रॅव्हलिंगचं कलम २५ इथे ओझरतंच घेतो, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण ड्रिबलशी जोडलेल्या दोन गोष्टी याच वाचनात पक्क्या कराव्यात. धावताना पास मिळालेल्या खेळाडूने ड्रिबल सुरू करायचं असेल तर दुसरं पाऊल पडायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. उभ्याने पकडलेला असेल तर पिव्हटचा (जागेवर टेकवून ठेवलेला) पाय उचलण्याआधी सुटला पाहिजे. शॉट किंवा पास करताना पिव्हट पाय उचलता येतो, फक्त तो परत टेकायच्या आत चेंडू गेला पाहिजे. सुरुवातीच्या ड्रिबलची सवलत आणि शॉटची सवलत वेगळी आहे हे मुलांना एकदा उभं करून दाखवलं की बरेचसे ट्रॅव्हल सरावातच मिटतात.

बॅककोर्ट: आधी रेषा नीट आखा

कलम ३० वाचण्याआधी चुना, फक्की किंवा रंगाचा डबा हातात घ्यावा असं आमचं प्रामाणिक मत आहे. मध्यरेषा बॅककोर्टचा भाग आहे. फ्रंटकोर्ट सुरू होतो तो मध्यरेषेच्या प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडच्या कडेपासून. रेषेची रुंदी ५ सेंटिमीटर ठरलेली आहे, आणि ती साइडलाइनच्या बाहेर दोन्हीकडे १५ सेंटिमीटर जाते. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर, मापं सीमारेषांच्या आतल्या कडांवरून.

आपल्याकडे काय होतं? शाळेच्या सिमेंट कोर्टवर व्हॉलीबॉल, खो-खो आणि कधी हँडबॉलच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. मध्यरेषा फिकट झाली की सामन्याच्या सकाळी हाताने फक्की ओढली जाते. ती चांगली चार बोटं रुंद आणि कडांना विस्कटलेली होते. पहिल्या दहा मिनिटांत बुटांनी ती आणखी पसरते. मग खेळाडूचा पाय ‘रेषेवर’ होता की नव्हता याला उत्तरच उरत नाही, कारण कड कुठे आहे तेच ठरत नाही. उपाय सोपा आहे: दोन्ही साइडलाइनच्या मध्यबिंदूंवर दोरी ताणा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप ५ सेंटिमीटर अंतराने चिकटवा, मधे रंग भरा, टेप काढा. कृष्णाकाठच्या दमट हवेत ऑइल पेंटला सुकायला रात्रभर द्या. व्हॉलीबॉलची मधली रेषा याच जागेजवळून जात असेल तर बास्केटबॉलची वेगळ्या रंगाने करा. आणि सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांना कोणती रेषा आपली ते बोटाने दाखवा.

कोर्ट लहान असेल, जे आपल्याकडे अनेक ठिकाणी असतंच, तरी मध्यरेषा बरोबर मध्यावरच हवी. एका बाजूला हात-दोन हात जास्त जागा सुटली तर दोन अर्धांत दोन संघांना वेगवेगळा खेळ खेळावा लागतो.

कलम ३०: तीन प्रश्न

इंग्रजी मजकूर इथे दमवतो. एकाच वाक्यात ताबा, शेवटचा स्पर्श, पहिला स्पर्श, शरीराचा भाग आणि चेंडूचा टप्पा सगळं कोंबलेलं आहे. मूळ वाक्य पाठ करण्यापेक्षा त्यातून हे तीन प्रश्न काढून पाठ करावेत. अ संघ हल्ला करतोय आणि ब संघ बचाव, असं धरू.

एक: अ संघाचा चेंडूवर ताबा फ्रंटकोर्टमध्ये प्रस्थापित झाला होता का?
दोन: फ्रंटकोर्टमध्ये चेंडूला शेवटचा स्पर्श अ संघाच्या खेळाडूचा होता का?
तीन: त्यानंतरचा पहिला स्पर्शही अ संघाच्याच खेळाडूचा, आणि तो बॅककोर्टला टेकलेला असताना किंवा चेंडू बॅककोर्टला लागून आल्यावर झाला का?

तिन्हींना ‘हो’ आलं तरच शिट्टी. एकालाही ‘नाही’ आलं की खेळ चालू. जिल्हा पातळीच्या सामन्यांत ज्या चुका दिसतात त्यांतल्या बहुतेक पहिला प्रश्न न विचारल्यामुळे होतात. चेंडू मागे गेला एवढंच दिसतं आणि हात वर जातो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ड्रिबल करणाऱ्याच्या बाबतीत तीन बिंदूंवर ठरतं: दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पूर्णपणे फ्रंटकोर्टला लागले पाहिजेत. तोवर चेंडू बॅककोर्टमध्येच आहे असं धरतात. पुरवणीतली याची उदाहरणं नियमावलीपेक्षा शंभर पटींनी उपयोगी आहेत. मागून ड्रिबल करत आलेला गार्ड मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून ड्रिबल करतोय: वैध. दोन्ही पाय पुढे, चेंडू मात्र मागे आपटतोय: वैध. तसाच असताना दोन्ही पाय पुन्हा मागे घेतले: तरीही वैध. दोन्ही पाय मागे, चेंडू पुढे: वैध. या चारही प्रसंगांत आपल्या मैदानांवर ‘बॅक, बॅक’ अशी आरोळी उठते आणि नवखा पंच त्या आवाजाला बळी पडतो. आठ सेकंद मात्र या सगळ्या काळात चालूच असतात, हे त्या गार्डलाही सांगून ठेवा.

याउलट एकदा तिन्ही बिंदू पुढे गेले की सवलत संपली. मग ड्रिबलचा एक टप्पा मध्यरेषेवर पडला आणि त्यानेच पुन्हा चेंडूला हात लावला, तर उल्लंघन. रेषा बॅककोर्टची आहे, हे वर म्हटलंच.

पासचंही तसंच. बॅककोर्टमधल्या अ-१ ने रेषेवर दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असलेल्या अ-२ ला पास दिला, अ-२ ने तो परत अ-१ कडे मागे दिला: वैध, कारण फ्रंटकोर्टमध्ये ताबा कधी आलाच नाही. पण अ-१ दोन्ही पायांनी फ्रंटकोर्टमध्ये उभा राहून त्याच अ-२ ला पास देतो आणि अ-२ पकडतो: उल्लंघन. अ-२ ची जागा तीच, पाय तसेच, निकाल उलटा. फरक पास देणाऱ्याच्या पायांत आहे. म्हणून ट्रेल पंचाने (हल्ल्याच्या मागे राहणाऱ्या पंचाने) फक्त झेलणाऱ्याकडे बघून भागत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. अ-१ च्या पासला ब-१ चा हात लागला आणि चेंडू मागे गेला, अ-२ ने घेतला: वैध, शेवटचा स्पर्श ब चा. पण ब-१ च्या हाताला लागलेला चेंडू अ-३ च्या पोटरीला लागून मागे गेला आणि अ-२ ने उचलला: उल्लंघन. अ-३ ने मुद्दाम काही केलं नाही, त्याला कळलंही नसेल. नियम हेतू विचारत नाही, फक्त स्पर्श मोजतो. पालक आणि प्रशिक्षक इथे सर्वाधिक चिडतात, आणि पंचाने शांतपणे ‘अ संघाच्या पायाला लागून गेला’ एवढं म्हटलं तर पुष्कळदा आवाज खाली येतो.

शॉटनंतरचा प्रसंग कलम १४ शिवाय सुटत नाही. अ-१ ने शॉट मारला, रिंगला लागून उडालेला चेंडू अ-४ ने उडी मारून बोटांनी मागे ढकलला, तो थेट बॅककोर्टमध्ये गेला आणि अ-२ ने पकडला. शिट्टी? नाही. शॉट हातातून सुटला तेव्हाच अ संघाचा ताबा संपला, आणि नुसतं टॅप करणं म्हणजे ताबा नव्हे. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’. हा निकाल चुकवणारे पंच फक्त तालुक्यात भेटतात असंही नाही.

हवेतल्या खेळाडूचा अपवाद पुरवणीत सविस्तर आहे. कलम ११ प्रमाणे उडी मारलेला खेळाडू जिथून उडाला तिथेच आहे असं समजतात. त्यामुळे फ्रंटकोर्टमधून उडालेला खेळाडू चेंडू हवेत पकडून मागे उतरला तर एरवी उल्लंघन व्हायला हवं. पण त्याने हवेत असतानाच आपल्या संघासाठी नवा ताबा मिळवला असेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास अडवला असेल किंवा सुरुवातीच्या जंप बॉलचा (पंच दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर टाकतो त्याचा) टॅप पकडला असेल, तर त्याला बॅककोर्टमध्ये उतरायची मुभा आहे. थ्रो-इनला (सीमारेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याला) ही मुभा नाही! थ्रो-इन करणाऱ्याच्या हाती चेंडू आला तेव्हाच संघाचा ताबा सुरू झालेला असतो. म्हणून फ्रंटकोर्टमधून उडून थ्रो-इन झेलणारा आणि मध्यरेषेवर किंवा मागे उतरणारा खेळाडू उल्लंघन करतो. एकाच उडीचे दोन निकाल का, हे मुलांना समजावायचं असेल तर ‘ताबा आधीपासून होता की हवेत मिळाला’ हा एकच प्रश्न पुरतो.

आठ सेकंद

कलम २८ ची भाषा त्यामानाने सुटसुटीत आहे. चुका होतात त्या मोजणी नव्याने सुरू करण्यात. बॅककोर्टमध्ये ब संघाने चेंडू बाहेर घालवला आणि थ्रो-इन पुन्हा अ संघालाच मिळाला, तर उरलेलेच सेकंद मिळतात, नवे आठ नाहीत. अ चाच खेळाडू जखमी झाल्याने खेळ थांबला, अ ला टेक्निकल फाउल लागला, जंप बॉलची स्थिती येऊन चेंडू अ कडेच राहिला, दोघांना डबल फाउल झाला: या सगळ्यांत उरलेलेच. ब ने फाउल केला किंवा मुद्दाम पायाने चेंडू अडवला तर मात्र नवे आठ. शॉट क्लॉक नसलेल्या आपल्या सामन्यांत ही मोजणी पूर्णपणे ट्रेल पंचाच्या हातावर असते, म्हणून खेळ थांबला तेव्हा किती झाले होते तो आकडा त्याने थ्रो-इनआधी मोठ्याने सांगावा. टेबलवरच्या मुलाने कागदाच्या कोपऱ्यात लिहिला तर आणखी बरं.

पुरवणीतलं एक उदाहरण इथे आवर्जून सांगण्यासारखं आहे, कारण त्यात कलम २८ आणि ३० चा फरक स्वच्छ दिसतो. बॅककोर्टमधून अ-१ ने पुढे पास दिला, तो मध्यरेषेच्या दोन्हीकडे पाय असलेल्या पंचाला लागला आणि उसळून बॅककोर्टमधल्या अ-२ कडे आला. पंचाच्या शरीराचा एक भाग फ्रंटकोर्टमध्ये असल्यामुळे चेंडू फ्रंटकोर्टमध्ये गेला असं धरतात, म्हणून अ संघाला नवे आठ सेकंद मिळतात. पण फ्रंटकोर्टमध्ये कुठल्याही खेळाडूचा ताबा नव्हता, म्हणून बॅककोर्टचं उल्लंघन होत नाही. चेंडू पुढे जाणं वेगळं आणि ताबा पुढे जाणं वेगळं. हे एक उदाहरण नीट कळलं की कलम ३० निम्मं कळलं.

कुठे कमी पडतात

दोन्ही कागदपत्रं इंग्रजीत आहेत आणि ते इंग्रजी वकिली वळणाचं आहे. दहावी-बारावीच्या खेळाडूला किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या क्रीडाशिक्षकाला कलम ३० एका बैठकीत उमगणार नाही, यात त्यांचा काही दोष नाही. नियमावलीत कोर्टाच्या आणि हातांच्या खुणांच्या आकृत्या उत्तम आहेत, पण जिथे आकृतीची खरी गरज होती, म्हणजे मध्यरेषेवरचे पाय आणि चेंडू, तिथे शब्दांवरच भागवलं आहे. पुरवणीतल्या एकामागून एक येणाऱ्या प्रसंगांत कोण कुठल्या अर्धात उभं आहे हे डोक्यात धरून ठेवताना दमछाक होते. वाचताना शेजारी कागदावर एक आडवी रेष ओढावी, दोन रंगांची बटणं घ्यावीत आणि प्रत्येक प्रसंग मांडून बघावा. दोन शिक्षक समोरासमोर बसून वाचत असतील तर एकाने प्रसंग वाचायचा, दुसऱ्याने निकाल द्यायचा, मग खालचा निकाल उघडायचा. पुरवणीची मांडणीच तशी आहे: आधी विधान, मग उदाहरण, मग निकाल. निकालावर पट्टी ठेवून वाचायला ती फार सोयीची पडते.

मोबाइलच्या पडद्यावर हे वाचणं त्रासाचं आहे. वर सांगितलेल्या सहा कलमांची पानं आणि पुरवणीतली त्याच क्रमांकांची पानं छापून, पाठपोट झेरॉक्स काढून, एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवावीत. पुरवणीत प्रत्येक उदाहरणाचा क्रमांक कलमाच्या क्रमांकाने सुरू होतो, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात तेव्हा हे फोल्डर टेबलवर असावं. प्रशिक्षकाने वाद घातला तर सामना थांबवून पुस्तक वाचून दाखवायचं नाही. पुस्तक मध्यंतरात आणि सामन्यानंतर उघडायचं. मैदानावर बोलावं हाताच्या खुणांनी: उल्लंघनाला उघडा तळवा वर, डबल ड्रिबलला दोन्ही तळवे आळीपाळीने खाली-वर, कॅरीला तळव्याचं अर्धं वळण, बॅककोर्टला शरीरासमोरून हाताची ये-जा, आणि आठ सेकंदांना आठ बोटं. खूण स्पष्ट दिली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. बंद मूठ फक्त फाउलला. तालुक्याच्या सामन्यात उल्लंघनालाही मूठ वर जाते आणि टेबलवरचं पोर बिचारं फाउल लिहून मोकळं होतं.

अमेरिकन क्लिपांविषयी शेवटी. त्यांच्या शालेय आणि महाविद्यालयीन खेळात कोर्ट पार करायला आजही दहा सेकंद आहेत, एनबीएत आठ. थ्रो-इन आणि बॅककोर्टबाबत एनबीएचे अपवाद स्वतःचे वेगळे आहेत. कौशल्य शिकायला त्या क्लिपा जरूर बघाव्यात, नियम शिकायला नाही. तालुका, जिल्हा आणि पुढे कोल्हापूर विभागातल्या सामन्यांची तयारी करणाऱ्या संघाने फिबाचाच मजकूर धरावा.

आणि थ्री-एक्स-थ्रीच्या स्पर्धांना हे फोल्डर घेऊन जाऊ नका. तिथे अर्धंच कोर्ट, मध्यरेषा नाही, बॅककोर्ट नाही आणि आठ सेकंदही नाहीत. बारा सेकंदांत शॉट घ्यायचा आणि ताबा बदलला की चेंडू कमानीबाहेर न्यायचा. त्या खेळाची नियमावली फिबाने वेगळी काढली आहे, तीही त्याच संकेतस्थळावर मोफत मिळते. ड्रिबलचं कलम २४ मात्र दोन्हीकडे कामाला येतं.